शेवट न पाहिलेला सिनेमा

टेबलावर बोटाच्या पेराने एकदा टक् केलं की बोलणाऱ्याने थांबायचं. दोनदा टक्-टक् केलं की पुढे चालू. एस.टी.त कंडक्टर दोरी ओढतो, एक घंटी थांबायला आणि दोन निघायला, तसंच. हा नियम ज्यांचा, ते स्वतः कंडक्टर होते. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी त्यांच्या हातातली घंटी सुटली नव्हती. आमच्याकडे प्रवासी कंडक्टरला मास्तर म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना मास्तर म्हणायचो. त्यांचं नाव इथे सांगत नाही. कारण पुढे येईल.

अमरावतीत प्रमोदभाऊंचं छपाईचं दुकान आहे. आमच्या संघटनेची पत्रकं तिथे छापली जातात, म्हणून मी तिथे पडीक असते. रविवारी दुपारी दुकान बंद असतं, म्हणजे शटर अर्धं खाली असतं आणि आत सिनेमावरून भांडण चालू असतं. विषय एकच: तुझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा सिनेमा कोणता? तुम्हीही असल्या भांडणात कधीतरी बसला असाल. मग तुम्हाला माहीत असेल की अर्ध्या तासात सिनेमा बाजूला राहतो आणि माणसं एकमेकांच्या हिरोचे केस, वय आणि लग्नं काढायला लागतात.

मास्तरांनी त्यावर एक कायदा केला होता. सिनेमाचं नाव घ्यायचं नाही.

"नाव घेतलं का हिरो येते. हिरो आला का त्याचे भगत येतेत. मंग सिनेमा बाहेर उभा राह्यते स्टँडिंगले," ते म्हणायचे. "नाव नको. एक सीन सांग. सीन आयकून बाकीच्याइले पाहाव वाटला, तं तुया सिनेमा खरा."

म्हणून या लेखातही एकाही सिनेमाचं नाव नाही. तुम्हाला ते खटकेल, पण कायदा कायदा आहे. आणि ज्या माणसाने नावं बंद केली त्याचंच नाव छापणं मला जमणार नाही.

मी पहिल्यांदा माझा सीन सांगितला तेव्हा सोबत दहा मिनिटांचं भाषणही ठोकलं. मला तसंच बोलता येतं. आमची माणसं सिनेमात येतात ती मरायला येतात, मध्यंतराच्या आत मरतात आणि मग कुणीतरी गोरा हिरो त्यांच्यासाठी रागावतो, असं मी म्हणत होते. ते मला आजही शंभर टक्के खरं वाटतं. मास्तरांनी टक् केलं.

"काय वं पत्रकवाली, सीन सांगून राह्यली का निवेदन देऊन राह्यली?"

प्रमोदभाऊ असे हसले की त्यांच्या कपातला चहा शाईच्या डब्यात सांडला. त्या दिवसापासून माझं नाव पत्रकवाली पडलं.

मास्तरांनी फार सिनेमे पाहिले होते असं समजू नका. नट ओळखण्यात ते पार कच्चे होते. बापाचं काम करणारा आणि मुलाचं काम करणारा यांच्यात त्यांचा घोळ व्हायचा. दोन वेगळ्या सिनेमांचे तुकडे ते बिनदिक्कत एकाला एक जोडायचे आणि पकडलं तर म्हणायचे, "जोडला तं काय झालं? चांगला लागला ना?" पण त्यांचा स्वतःचा जो एक सिनेमा होता त्यात ते एका अक्षराचा फरक खपवून घेत नसत. आणि त्या सिनेमाची गंमत अशी की त्याचा शेवट त्यांनी पाहिलेलाच नव्हता.

"शेवट न पाहता जगातला एक नंबर?" प्रमोदभाऊ दर रविवारी विचारायचे.

"झोपलो होतो ना बापा. पोट्टा होतो. बाईच्या मांडीवर झोप लागली."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिवस्याकडच्या एका गावात त्यांचं घर. मास्तर तेव्हा नुकतेच शाळेत जाऊ लागले होते. यात्रेच्या दिवसांत मैदानावर दोन बल्ल्यांना पांढरा पडदा बांधायचे, मशीन लावायचे आणि अंधार पडला की सिनेमा सुरू व्हायचा. सकाळी उठून त्यांनी बहिणीला विचारलं, मग काय झालं? ती म्हणाली, सांगीन. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही सांगीन. भावाला चिडवायची तिला सवय होती. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. निघताना त्यांनी तिच्या लुगड्याला धरून पुन्हा तेच विचारलं. ती म्हणाली, "आली का सांगीन ना बाबू."

"मंग?" मी विचारलं होतं.

"मंग आली नाई. पयल्याच बाळंतपणात गेली."

मास्तरांनी हे सांगितलं आणि स्वतःच टेबलावर टक्-टक् केलं. पुढे चला.

तर त्यांना शेवट हवा होता. एवढंच. दुसरं काही मागणं नव्हतं. आयुष्यभर तिकीट फाडताना, निवृत्त झाल्यावर, मुलगा नोकरीला लागल्यावर, बायको गेल्यावरसुद्धा तो एक शेवट त्यांना हवा होता. तो सिनेमा कधीतरी सापडेल आणि ती बाई, म्हणजे त्या सिनेमातली, शेवटी कुठे गेली ते कळेल, या आशेवर ते आमच्यात बसत.

त्यांचा सीन असा होता. उन्हाची वेळ. विहिरीवर एक पोरगी पाणी ओढते आहे. लांबून एक माणूस येतो. डाव्या हाताने पागोटं काढतो, डाव्या हाताने घाम पुसतो आणि ओंजळ पुढे करतो. पोरगी बादली तशीच धरून म्हणते, "पानी पाजीन, पन कोनाचा हायेस थे नको सांगू. सांगतलं तं मी पाजीन, पन तू पिनार नाईस."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लगेच लिहून घेतलं. तुम्ही विचार करा. इतका जुना सिनेमा, आणि त्यात विहिरीवरची पोरगी असं बोलते! ती कोण आहे ते न सांगता सांगते. मी जन्मात इतकं चांगलं पत्रक लिहिलेलं नाही. मला खात्री पटली की हा सिनेमा कुणीतरी दाबून टाकलेला असणार. म्हणूनच तो कुठे सापडत नाही. माझी तर झोप उडाली. एका गावात हातपंपावरून आमच्या लोकांची अडवणूक चालू होती, तिथल्या पत्रकावर मी ते वाक्य सगळ्यात वर मोठ्या टायपात टाकलं. खाली लिहिलं: एका जुन्या सिनेमातून.

मास्तरांनी पत्रक हातात घेतलं, लांब धरून वाचलं आणि घडी करून खिशात ठेवलं. "माया सिनेमाचं पत्रक केलं तुनं," ते म्हणाले. रागावले की खूश झाले ते कळलं नाही.

सिनेमा शोधायला आम्ही काय नाही केलं! मोबाइलवर जे जे सापडतं ते सगळं पाहिलं. डावखुरा हिरो असलेला जुना सिनेमा एकही नव्हता. आणि मास्तरांच्या सिनेमात तर नुसता हिरो नाही, सावकारही डाव्या हाताने चाबूक मारायचा, भटजीसुद्धा डाव्या हाताने अक्षता टाकायचा. प्रमोदभाऊ म्हणाले, "मास्तर, राग नका मानू, पण हा सिनेमा तुमच्याच डोक्यात तयार झाला." इतर वेळी मास्तर अशावर दहा टोमणे मारत. त्या दिवशी टेबलावरचे कागदाचे तुकडे गोळा करून ठेवावेत तसे हात मांडीवर ठेवून बसले.

मग त्यांनी एक नवी गोष्ट आठवून सांगितली. सुरुवातीला जी नावं येतात ती हिंदीत नव्हती. "मले तवा अक्षरं येत होते थोडेसे. अ, आ, क, ख. त्यातलं एकबी नव्हतं. उर्दू असन."

उर्दू म्हटल्यावर प्रमोदभाऊंना हमीद सर आठवले. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणारे, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, सिनेमाचे जबरदस्त वेडे. मी आणि मास्तर एस.टी.ने निघालो. गाडीत मास्तरांनी तिकीट यंत्राकडे असं पाहिलं जसं काही जण सुनेच्या स्वयंपाकाकडे पाहतात. प्रत्येक थांब्याआधी त्यांचा हात वर दोरीकडे जायचा. दोरी नव्हती.

मोर्णा नदीचा पूल ओलांडून गल्ल्या विचारत विचारत आम्ही सरांकडे पोचलो. सरांनी मन लावून सगळं ऐकलं. त्यांच्या बेगम दाराच्या चौकटीत भाजी निवडत बसल्या होत्या आणि त्याही ऐकत होत्या.

"सिर्फ उर्दू में नाम किसी फिल्म के नहीं होते थे, मास्तर," सर म्हणाले. "हिंदी, अंग्रेजी, उर्दू, तीनों. आपको हिंदी क्यूं नहीं दिखी?"

मास्तर हट्टाने म्हणाले, नव्हतीच. मग त्यांनी उभं राहून विहिरीचा सीन करून दाखवला. पागोटं, घाम, ओंजळ. मग पोरीचा पदर दाखवला. हात नकळत उजव्या खांद्यावर गेला.

"पल्लू उस तरफ?" बेगम म्हणाल्या. भाजी तशीच राहिली. "गांव की लड़की, और पल्लू सीधे कंधे पर?"

"हौ. तिकडेच होता."

बेगम चौकटीतून उठून आत आल्या. मग अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "आप लोग बैठते किधर थे?"

"मांगं," मास्तर म्हणाले. "पडद्याच्या मांगं. आमचे सगळे मांगंच बसत. समोर गाववाले."

सरांनी चष्मा काढला. मला पहिल्यांदा कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा कानशिलं तापली. पातळ कापडाच्या पडद्यावर चित्र दोन्ही बाजूंनी दिसतं. पण मागून उलटं दिसतं. उजवा हात डावा होतो, पदर खांदा बदलतो, अक्षरं उलटी होतात आणि नुकतंच अ, आ शिकलेल्या पोराला त्यातलं एकही ओळखता येत नाही. मास्तरांचा सिनेमा दाबलेला नव्हता, हरवलेला नव्हता. तो गावाने त्यांना उलट्या बाजूने दाखवला होता. धम्म घेऊन वर्षं झाली होती, संविधान येऊन वर्षं झाली होती आणि यात्रेच्या मैदानात आमच्या माणसांची जागा पडद्यामागे होती.

परतीच्या गाडीत मी धुमसत होते. "पत्रक काढते," मी म्हणाले. "मथळासुद्धा तयार आहे."

"नको."

"का नको? तुम्हाला आयुष्यभर उलटा सिनेमा दाखवला, मास्तर! लोक तुम्हाला खोटं पाडत होते!"

"माया बहिणीसोबतचं एवढंच हाये माया जवळ," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "आमी मांगं बसत होतो, थे वाईट होतं, मले समजते. तू शिकवू नको मले. पन थ्या जागी बाई होती. आता तू तिथं मोर्चा आनशीन, तं मी बसू कुठी?"

"राग यायलाच पाहिजे तुम्हाला."

"येते ना. तुले दाखवून यावा लागते का?"

मथळा लिहायला काढलेलं पेन मी पिशवीत परत टाकलं.

उलटं सुलट करून घेतल्यावर सरांना सिनेमा ओळखायला वेळ लागला नाही. त्यांचा फोन आला. आणि तो सिनेमा कुठला दुर्मिळ वगैरे नव्हता. तुमच्यापैकी निम्म्यांनी तो पाहिला असेल. मीसुद्धा लहानपणी टीव्हीवर पाहिला होता, कंटाळून उठले होते. आम्ही इतके महिने ज्याला धुंडाळत होतो तो आमच्या नाकासमोर होता, फक्त सरळ.

रविवारी प्रमोदभाऊंनी दुकानातल्या मोठ्या स्क्रीनवर तो लावला. मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पहिली पाच मिनिटं पाहून म्हणाले, "हा नाई."

"मास्तर, हाच आहे."

"हा नाई म्हनतो ना."

प्रमोदभाऊंनी थांबवलं. रबरी शिक्के करताना त्यांना रोजच अक्षरं उलटी करावी लागतात. त्यांनी दोन-तीन बटणं दाबली आणि सगळं चित्र उलटं केलं. नावं उलटी झाली. विहीर या बाजूची त्या बाजूला गेली. पदर उजव्या खांद्यावर आला. मास्तर खुर्चीत पुढे सरकले आणि त्यांच्या घशातून एक आवाज आला, लहान मूल झोपेतून उठताना करतं तसा. मला त्यांच्याकडे पाहवेना. मी स्क्रीनकडे पाहिलं.

विहिरीचा सीन आला. माणूस आला, डाव्या हाताने पागोटं काढलं, ओंजळ पुढे केली. पोरीने बादली धरली, मान वाकडी केली आणि लाजून हिंदीत विचारलं की परदेशी बाबू, तुम्ही कोणत्या गावचे? मग गाणं सुरू झालं.

बस. एवढंच. ते वाक्य नव्हतं.

प्रमोदभाऊंनी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मी तर मनातून खचलेच. माझं सगळ्यात आवडतं वाक्य, जे मी पत्रकावर टाकलं, भाषणात वापरलं, ते त्या सिनेमात कुणी बोललेलंच नव्हतं.

मास्तरांनी स्क्रीनकडे बोट केलं. मग म्हणाले, "आवाज बंद कर."

आवाज बंद झाला. "कर्णा समोर राहे," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "मांगं आयकूच येत नव्हतं. नुसता गोंगाट. आन् आमाले हिंदी कुठी समजे?" मग म्हणाले, "बाईचं तोंड माया कानापाशी होतं. मले वाटे पडद्यावरची बोलते."

आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली. मुक्या चित्रावर, बाईच्या बोलण्यात. आवाज बदलत नव्हते ते, पण बोलण्याची लय बदलली. भरभर, चिडवत, मध्येच "पाय पाय पाय", म्हणजे पाहा पाहा, असं म्हणत. सावकार चाबूक उगारतो तेव्हा: "पाय आता कसा हात दुखते याचा." हिरोची आई रडते तेव्हा: "रडू दे. हिले दुसरं काय येते?" भटजी अक्षता टाकतो तेव्हा असं काही म्हणाले की प्रमोदभाऊ आणि मी दोघंही फिस्सकन हसलो, आणि ते मी छापू शकत नाही. लग्न होऊन गेलेली, पहिल्या बाळंतपणात मेलेली ती मुलगी अमरावतीच्या दुकानात येऊन बसली होती. तिचं वय तेव्हा माझ्या निम्म्याने असेल. शाळेत गेली होती की नाही, कोण जाणे. पण गावाने तिला जी मागची बाजू दिली होती तिथून तिने दुसराच सिनेमा उभा केला होता आणि तो समोरच्या सिनेमापेक्षा दहा पट चांगला होता. मी हे रागाने लिहिते आहे. कौतुकाने लिहिता येत नाही मला.

एका ठिकाणी मास्तर थांबले. पोरीला घराबाहेर काढलेलं होतं. ती रेल्वेच्या फलाटावर उभी होती.

"इथं झोपलो," ते म्हणाले.

पुढचा भाग आम्ही आवाज लावून पाहिला. हिरो धावत येतो. पोरगी रडत त्याच्या पायावर पडते. तो तिला क्षमा करतो. कशाची क्षमा, देव जाणे. ती त्याच्या मागून चालत घरी जाते.

मास्तरांनी खुर्चीच्या दांड्यावर एकदाच टक् केलं.

"बाईनं असा शेवट सांगतलाच नसता," ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल की इथे सगळं संपायला हवं होतं. सिनेमा सापडला, शेवट सापडला. पण खरं भूत तिथून पुढे लागलं. सिनेमावाल्यांचा शेवट त्यांना नको होता, बाईचा हवा होता, आणि बाईचा शेवट कोणत्याही मशीनमध्ये नव्हता. त्या रविवारपासून आमचं भांडण बदललं. मोठा सिनेमा कोणता हे कुणी विचारेना. मास्तर यायचे, बसायचे आणि म्हणायचे, "सांगा. बाईनं काय सांगतलं असन?"

प्रमोदभाऊ म्हणाले, ती हिरोला चार शिव्या देते आणि मग जाते त्याच्यासोबत. टक्. मी म्हणाले, ती शहरात जाऊन संघटना काढते. टक्, आणि वर "पोस्टर लावता लावता तूच गाडीखाली येशीन एखाद दिवस" हा शेरा. अकोल्याहून सरांनी कळवलं, ती परत त्या विहिरीवर जाते. यावर मास्तरांचं बोट टेबलाच्या वरच अडलं होतं. मग टक्.

भर दुपारी तहसीलसमोर धरणं धरून बसलेली असताना मला त्यांचा फोन यायचा. "पत्रकवाली, थे गाडीखाली तं नाई गेली ना?" मी म्हणायचे, नाही मास्तर, तुमची बाई असं सांगणार नाही. "हौ," ते म्हणायचे, "मलेबी तसंच वाटते." आणि फोन ठेवायचे. एकदा म्हणाले की आता विहिरीचा सीन आठवला की पडद्यावरच्या पोरीचं तोंड दिसत नाही. नुसता आवाज येतो. "तिचा एक फोटो नाई घरी," ते म्हणाले. मी विचारलं, गावात कुणाला माहीत असेल का शेवट? ते म्हणाले, "थे माया कानात सांगे. दुसऱ्याले कसं मालूम राहीन?"

गेल्या थंडीत मास्तर गेले. सुनेचा फोन आला. सकाळी चहा मागितला, चहा येईपर्यंत बसल्याजागी गेले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम त्यांच्या गावीच होता. मी आणि प्रमोदभाऊ तिवस्याहून ऑटो करून गेलो. बुद्धवंदना झाली. लोक मास्तरांबद्दल चांगलं चांगलं बोलले, सुट्टे पैसे परत देणारे कंडक्टर वगैरे. मलाही बोलायला लावलं. पत्रकं लिहिणारीला सगळीकडे बोलायला लावतात. मी सिनेमाचं सांगितलं. पडद्यामागे बसवायचे ते सांगितलं, तेव्हा माझा आवाज चढला आणि पहिल्या रांगेतले दोघं-तिघं गाववाले खाली पाहायला लागले. त्यांनी पाहावंच. मग बाईचं सांगितलं, कानात सांगायची ते, आणि शेवट राहून गेला ते.

जेवणाच्या वेळी एक म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली. पांढरं लुगडं, कानाला थोडं कमी ऐकू येत असावं, कारण तोंड जवळ आणून बोलत होती. तिवस्यात दिलेली, माहेर याच गावचं.

"कानात नाई वं," ती म्हणाली. "थ्याले वाटे का त्याच्याच कानात. मांडीवर होता ना थो. थे तं आमाले समद्याइले सांगे. आमी सगळे पोट्टे-पोट्टी तिच्या भवताल बसो. पडदा कोन पाहे? आमी तिच्या तोंडाकडे पाहो."

मी विचारलं, शेवट आठवतो? फलाटावर उभी असते, तिथून पुढे?

"काहून नाई आठवन?" म्हातारीने वरणाची वाटी बाजूला ठेवली. "गाडी आली. थो धावत आला, हात जोडे, पाया पडे. थे गाडीत बसली आन् दार लावून घेतलं. मंग गाडी चालली, चालली, आन् थे बडनेऱ्याले उतरली."

"बडनेऱ्याला? अमरावतीशेजारच्या?"

"मंग! तिथं तिले रेल्वेत नवकरी लागली. सायबीन झाली." म्हातारी हसली. तोंडात दोनच दात होते. "आमाले खरंच वाटे. माया लगनानंतर मालकासंग मी पयल्यांदा बडनेऱ्याले गेली, तं ठेसनावर घंटाभर तिलेच पाहत होती. मालक म्हने, कोनाले पाहून राह्यली? काय सांगू त्याले?"

प्रमोदभाऊ उठून बाहेर गेले. मी म्हातारीला बाईचं नाव विचारलं. तिने सांगितलं. ते मी इथे छापते आहे, कारण त्या मुलीला नाव न घेण्याचा कोणताही कायदा लागू नाही: सुभद्रा.

परतताना आमची गाडी अमरावतीलाच संपत होती. प्रमोदभाऊ घरी गेले, मी गेले नाही. तिथूनच अकोल्याची पकडली आणि बडनेऱ्याचं तिकीट काढलं. मास्तरांनी नोकरीची सगळी वर्षं याच रस्त्यावर काढली होती. रोज जाताना आणि येताना त्यांची गाडी बडनेऱ्याला थांबायची.